पूर्णांक-क्रमिकांचा कोश : एक परीक्षण

कोश उघडणाऱ्यास शब्द आधी ठाऊक असावा लागतो, ही वर्णानुक्रमी कोशांची जुनी अडचण होय. ‘शिवळ’ हा शब्द ज्याने ऐकला आहे त्याला कोश त्याचा अर्थ सांगतो. परंतु जुवाची ती खुंटी प्रत्यक्ष हातात घेऊन ‘हिला काय म्हणतात?’ असे विचारणाऱ्यापुढे तोच कोश मुका राहतो. अमरकोशाने वर्गवार मांडणी करून ही अडचण काहीशी सौम्य केली, तथापि ती नाहीशी झाली नाही. ज्यात शिरण्यासाठी नावाची मुळीच गरज लागत नाही, वस्तूच पुढे केली की पुरे होते, असा एक कोश गणिताच्या क्षेत्रात गेली साठ वर्षे वाढत आहे, याकडे भाषाभ्यासकांचे लक्ष वेधणे हा प्रस्तुत परीक्षणाचा हेतू आहे.

‘ऑन-लाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सीक्वेन्सेस’ हे त्याचे नाव. आपली शालेय पुस्तके जिला ‘क्रमिका’ म्हणतात अशा, पूर्णांकांच्या ठरावीक क्रमाच्या, साडेतीन लाखांहून अधिक नोंदी त्यात आहेत. नील स्लोन यांनी १९६४ साली कॉर्नेल विद्यापीठात प्रबंधाचे काम चालू असता या संग्रहास आरंभ केला. वृक्षाकृती आलेखांचा विचार करताना त्यांना १, ८, ७८, ९४४ अशा संख्या मिळाल्या; पुढचे पद कोणते आणि त्यामागील नियम कोणता, हे सांगणारे पुस्तक कोठेच नव्हते. म्हणून त्यांनी भेटेल ती क्रमिका कार्डांवर टिपण्यास सुरुवात केली. १९७३ च्या छापील ग्रंथात २,३७२ क्रमिका होत्या, आणि त्या शब्दकोशाप्रमाणेच ओळीने लावलेल्या होत्या, जणू अंक हीच वर्णमाला. सिमॉन प्लूफ यांच्या सहकार्याने निघालेला दुसरा ग्रंथ १९९५ चा. १९९६ पासून हा कोश आंतरजालावर सर्वांस विनामूल्य खुला आहे.

त्याचा उपयोग प्रस्तुत लेखकास कसा कळला, ते सांगणे थोडे संकोचाचे आहे. मात्रावृत्तांतील लघुगुरुक्रमांची मोजदाद चालू होती. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांत लललल, गलल, लगल, ललग आणि गग अशा पाच रचना होतात. आता दोन गुरू लागोपाठ येऊ नयेत अशी अट घातली तर शेवटची रचना गळते आणि चार उरतात. ही अट ठेवून एक मात्रेपासून आठ मात्रांपर्यंत मोजले असता १, २, ३, ४, ६, ९, १३, १९ अशा संख्या आल्या. चौथ्या संख्येपासून पुढे प्रत्येक संख्या ही तिच्या लगतच्या मागील संख्येत तीन स्थाने मागची संख्या मिळविली की येते, हे ध्यानात येण्यास आणि त्याची उपपत्ती जुळविण्यास चांगले तीन आठवडे गेले. शोध नवा आहे अशी गोड समजूतही झाली. पुढे एका विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून त्या आठ संख्या या कोशात घातल्या. क्षणात नोंद पुढे आली : ए०००९३०, नारायणाच्या गाईंची क्रमिका!

नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’त (१३५६) हे उदाहरण आहे. गाय दरवर्षी एक कालवड देते आणि कालवड चौथ्या वर्षापासून वितू लागते. तर कळप कसा वाढेल? यंदाचा कळप म्हणजे गतवर्षीचा कळप अधिक यंदाची वासरे, आणि वासरे तितकीच, जितका तीन वर्षांपूर्वीचा कळप होता. वृत्तातही तेच घडते. रचना लघूने संपली तर उरते ती एक मात्रा कमी असलेली रचना. गुरूने संपली तर त्याआधी लघू हवाच, म्हणून उरते ती तीन मात्रा कमी असलेली. गोठ्यातील आणि छंदःशास्त्रातील हे साम्य ग्रंथालयाच्या कोणत्याही विषयसूचीने दाखविले नसते, कारण ‘छंद’ या शब्दाखाली गाई शोधावयास कोण जाईल?

उपयुक्ततेइतकीच त्याची कोशरचनाही विचारात घेण्याजोगी आहे. प्रत्येक नोंदीस ‘ए’ या अक्षरापुढे सहा अंकांचा स्थिर क्रमांक असतो. नोंद कोणी घातली, व्याख्या काय, पदे किती मोजली गेली, सूत्रे कोणती, संदर्भ कोणते, हे सर्व तेथे मिळते. पाठविलेला मजकूर संपादकांच्या तपासणीनंतरच प्रसिद्ध होतो. विशेष म्हणजे पूर्वी कोठे चुकीची छापली गेलेली क्रमिकाही काही ठिकाणी ‘मृत’ अशी खूण करून जपलेली आढळते आणि तेथून शुद्ध नोंदीकडे वाट दाखविलेली असते. जुन्या ग्रंथातील अपपाठ हाती घेऊन येणारा वाचक त्यामुळे रिकाम्या हाताने परतत नाही. आपल्या पाठचिकित्सकांना ही दृष्टी परिचित आहे. आपल्या शब्दकोशकारांना ती तितकीशी मानवलेली दिसत नाही.

दोषही आहेत, आणि त्यांतला पहिला वाचकाच्याच पदरी घालावा लागतो. थोडी पदे घालून उत्तर मागितले की कोश अनेक उत्तरे देतो, आणि मनास भावेल ते उचलण्याचा मोह होतो. वरील क्रमिकेची १, २, ३, ४, ६ एवढीच पाच पदे घेतली तर २४ या संख्येचे विभाजकही तशीच सुरुवात करतात. पुढचे पद मात्र ९ नव्हे, ८. वर्तुळावरील बिंदू परस्परांस जोडले असता जास्तीत जास्त किती भाग पडतात, हे मोजताना १, २, ४, ८, १६ पर्यंत दुपटीचा नियम चालतो, आणि मग ३१ येतात. पाच शब्दांवरून ध्वनिनियम सिद्ध करणाऱ्यांनी ही नोंद जरूर पाहावी. कोश सादृश्य दाखवितो. उपपत्ती ज्याची त्याने दिली पाहिजे.

दुसरा दोष संग्रहाचा. गोव्री, दलाए आणि झेनिल यांनी या कोशात कोणती संख्या किती वेळा येते याचा अभ्यास २०११ मध्ये मांडला. आलेखात दोन पट्टे पडतात व मध्ये रिकामी पोकळी राहते. मूळसंख्या, घातसंख्या, पुष्कळ विभाजक असलेल्या संख्या वरच्या पट्ट्यात गर्दी करतात. याचे कारण केवळ गणिती नसून संग्राहकांच्या आवडीनिवडीतही आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बोलींचा संग्रह करणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. शिवाय जुन्या, लोकप्रिय नोंदींवर टिपणांचा एवढा थर साचला आहे की त्यातून हवे ते निवडणे नवख्यास जड जाते.

ए००००४५ ही नोंद फिबोनाचीच्या नावाने आहे. तथापि लघुगुरूंच्या मोजणीतून गोपाल व हेमचंद्र बाराव्या शतकातच या संख्यांपर्यंत पोहोचले होते, ही गोष्ट त्याच नोंदीत कनूथच्या आधारे नमूद आहे. आठ मात्रांच्या पद्मावर्तनात, कोणतीही अट नसता, चौतीस लघुगुरुक्रम संभवतात, ते याच क्रमिकेतून. मथळा कोणाचा आणि टीप कोणाची, याबद्दल तक्रार करता येईल. पण मथळ्यावाचूनही जेथे प्रवेश मिळतो तेथे तिचे महत्त्व थोडे कमीच.

आमच्या विषयाच्या दृष्टीने एक वर्ग विशेष लक्षणीय आहे. भाषेतील शब्दांवर अवलंबून असलेल्या क्रमिकांना हा कोश वेगळी खूण लावतो. इंग्रजी संख्यानामांतील अक्षरांची गणती ए००५५८९ येथे शून्यापासून दिली आहे : ४, ३, ३, ५, ४, ४, ३, ५, ५, ४. मराठीची अशी क्रमिका करावयाची झाल्यास मोजावयाचे काय? लिपीतील अक्षरे मोजली तर एक ते दहा सर्वांची दोनच भरतात. मात्रा मोजल्या तर सर्वांच्या तीनच. उच्चारित अवयव मोजले तर मात्र १, १, १, १, १, २, १, १, २, २ असा क्रम येतो, कारण सहा, नऊ व दहा यांतच अंत्य स्वर उच्चारात टिकला आहे. ‘एकोणतीस’ लिहिताना पाच अक्षरांचा, मात्रांनी आठांचा, बोलताना तीन अवयवांचा. तिन्ही क्रमिका खऱ्या आहेत; परंतु व्याख्या स्पष्ट असल्यावाचून संपादक नोंद स्वीकारणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पदव्युत्तर वर्गातील दोघा विद्यार्थ्यांनी शंभरापर्यंतची मोजणी हाती घेतली आहे. ‘सतरा’चे अवयव दोन की तीन, यावर मात्र आमच्या विभागात अद्याप एकमत झालेले नाही.