काटे बरोबर, वेळ चूक

शाळेतील संगणकावर नवी कार्यप्रणाली बसवताना घड्याळाचा प्रश्न एका टिचकीत उरकला जातो. पडद्यावर जे आधीच निवडलेले असते, तेच बहुतेक जण मान्य करतात. म्हणून हा ‘डिफॉल्ट’ पर्याय ठरवणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे; ती नीट पार पाडली जात नाही, असे आमचे मत आहे.

विंडोजच्या अमेरिकन इंग्रजी प्रतीत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ निवडलेली असते. हिवाळ्यात ती आपल्या साडेतेरा तास मागे असते. आपल्याकडे दुपारचे १२ वाजले असता घड्याळ आदल्या रात्रीचे १०.३० दाखवते. शिक्षक घड्याळ १२ वर आणतात. कालपट्टा मात्र तसाच राहतो. आता संगणकाच्या हिशेबी जागतिक प्रमाणवेळ रात्रीचे ८ आहे, प्रत्यक्षात ती सकाळचे ६.३० असते. मार्चमध्ये अमेरिकेची उन्हाळी वेळ सुरू झाली की हे घड्याळ आपोआप तासभर पुढे सरकते. इंटरनेट जोडताच ‘दुरुस्त’ होऊन पुन्हा अमेरिकेची वेळ दाखवते, आणि दोष बिचाऱ्या इंटरनेटला लागतो!

लिनक्समध्ये ‘एशिया/कोलकाता’ निवडावे लागते. गडचिरोलीचा विद्यार्थी विचारील, “आपण कोलकात्याची वेळ का पाळायची?” खरे तर ती कोलकात्याची नाहीच. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे. कोलकात्याचे नाव ही केवळ यादीतील खूण आहे. तेथे सरळ ‘भारतीय प्रमाणवेळ’ लिहायला काय हरकत आहे?

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. संगणकातील बॅटरीवर चालणारे घड्याळ विंडोज स्थानिक वेळेवर ठेवते, तर लिनक्स सहसा जागतिक वेळेवर. एकाच संगणकावर दोन्ही असल्या आणि योग्य मांडणी केली नसली, तर साडेपाच तासांचा घोळ होतो. याचे उत्तर शिक्षकाला विचारण्याऐवजी प्रणालीनेच विंडोज आहे का ते तपासून द्यावे.

शहरात अशा चुका इंटरनेटमुळे लवकर उघडकीस येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन संपर्क तुटणाऱ्या भामरागडसारख्या ठिकाणी ती सोय गृहीत धरता येत नाही. बॅटरी संपून तारीख काही वर्षे मागे गेली, तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ‘अजून लागू नाहीत’ असे ठरते आणि ती उघडत नाहीत. म्हणून प्रणाली तयार झाली त्या दिवसापूर्वीची तारीख दिसल्यास तिने इशारा द्यावा, एवढी आमची अपेक्षा आहे.

तोवर शिक्षकांनी एक नियम पाळावा : आधी कालपट्टा पाहावा, मग काटे.

आणि वर्गात एक गणित द्यावे. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटे घेते. चंद्रपूर सुमारे ७९.३ अंशांवर आहे. मग तेथील स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या किती मागे? सुमारे १३ मिनिटे. गडचिरोलीचे उत्तर विद्यार्थ्यांनीच नकाशा पाहून काढावे.