पिसांची संहिता : मऊ पिसांच्या कृत्रिम माशीविषयक ग्रंथांची चिकित्सा

प्रास्ताविक :

ट्राउट मासा गळाने धरण्यासाठी आकड्यावर रेशीम व पिसे बांधून जी कृत्रिम माशी तयार केली जाते, तिच्यावर इंग्रजीत विपुल ग्रंथरचना झालेली आहे. छंदाची हस्तपुस्तके एवढेच या ग्रंथांचे मोल मानले, तर एक महत्त्वाचा प्रश्न नजरेआड होतो. हाताने शिकावयाची कारागिरी शब्दांत उतरविताना तिचे नेमके काय टिकते आणि काय निसटते, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात उत्तर इंग्लंड व स्कॉटलंडच्या सीमाभागात रूढ असलेल्या मऊ पिसांच्या माशीविषयीच्या काही ग्रंथांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

विवेचन :

यॉर्कशायरमधील वार्फ, निड, यूर यांसारख्या नद्या उथळ, खडकाळ व वेगवान आहेत. तेथील माशी पाण्यावर तरंगत नाही, ती पाण्याच्या पृष्ठाखालून वाहत जाते. कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस तिला चालत नाही. पार्ट्रिज, पाणकोंबडी, पाणलावा, स्टार्लिंग अशा पक्ष्यांचे मऊ पीस आकड्याभोवती एकदोन वेढेच घेऊन विरळ बांधतात. प्रवाहात त्याचे तंतू मिटतात, उघडतात आणि धडपडणाऱ्या कीटकाचा आभास निर्माण होतो. (पार्ट्रिज म्हणजे आपला तितर, असा समज होण्याचा संभव आहे. कुळ एक असले तरी युरोपातील हा करडा पक्षी वेगळा आहे.)

या माश्यांची नावेच अभ्यासण्याजोगी आहेत. ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’, ‘स्नाइप अँड पर्पल’ या नावांत कीटकाचा उल्लेखच नाही. आहे तो पिसाचा आणि रेशमाच्या रंगाचा. ‘वॉटरहेन ब्लोआ’ मधील ‘ब्लोआ’ हा उत्तरेकडील बोलीतील शब्द निळसर करड्या छटेचा वाचक आहे. दक्षिण इंग्लंडच्या संथ, स्वच्छ नद्यांवर फ्रेडरिक हॅलफोर्ड यांनी १८८६ पासून जी शास्त्रशुद्धता रुजविली, तीत विशिष्ट कीटकाची हुबेहूब प्रतिकृती हा आदर्श होता. उत्तरेच्या परंपरेत मात्र कृतीचे नाव हीच तिची कृती असते. नाव विसरले नाही तर माशी विसरत नाही, ही मौखिक परंपरेची सोय त्यामागे असावी.

टी. ई. प्रिट यांनी ‘यॉर्कशायर ट्राउट फ्लाइज’ (१८८५) या ग्रंथात ही परंपरा संकलित केली. पुढील वर्षी तोच ग्रंथ ‘नॉर्थ-कंट्री फ्लाइज’ या नावाने पुन्हा निघाला. त्यांच्या सूत्रांत एक गमतीची विसंगती आढळते. माशीला पंख नसतानाही पिसाचा उल्लेख ‘पंख’ याच शीर्षाखाली येतो. जुन्या पंखवाल्या माशीचा रूपबंध लेखनात तसाच राहिला, हाताने मात्र तो केव्हाच टाकला होता. शिवाय सूत्र जिन्नस सांगते, धाग्यावरील ताण सांगत नाही. ही उणीव प्रिट यांची नसून सूत्ररूप लेखनाचीच आहे.

एडमंड्स आणि ली यांनी ‘ब्रुक अँड रिव्हर ट्राउटिंग’ (१९१६) मध्ये ती भरून काढण्याचा प्रयत्न केला. कोणत्या पक्ष्याच्या कोणत्या भागावरील पीस, कोणत्या छटेचे रेशीम, माशी कोणत्या महिन्यांत वापरावी, हे सारे त्यांनी नेमकेपणाने नोंदविले. रंगीत चित्रे दिली, आणि मर्यादित विशेष आवृत्तीत तर प्रत्यक्ष पिसे व रेशीमच जोडले. वर्णनाची शक्ती जेथे संपते तेथे वस्तूच पुढे ठेवावी, असा हा निर्णय होता. माझ्या मते या परंपरेतील सर्वांत प्रामाणिक संहिता हीच. परंतु नेमकेपणालाही किंमत असते. पीस जितके निश्चित, तितकी कृती त्या पक्ष्याच्या अस्तित्वाशी बांधली जाते.

येथेच खरा वाद उद्भवतो. जुन्या सूत्रांत डॉटरेल व कॉर्नक्रेक या पक्ष्यांची पिसे वारंवार येतात. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याने दोन्ही पक्ष्यांना विशेष संरक्षण आहे, आणि यांत्रिक गवतकापणीमुळे कॉर्नक्रेक इंग्लंडमधून जवळजवळ नाहीसा झाला. मग पर्यायी पिसाने बांधलेली माशी पारंपरिक म्हणावी काय? नाही, असे म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांनी डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यांचा ‘द प्रॅक्टिकल अँग्लर’ (१८५७) पुन्हा वाचावा. करड्या ‘स्पायडर’ माशीसाठी डॉटरेलचे पीस सांगताना, हा पक्षी दुर्मीळ असल्याची खंत व्यक्त करून, स्टार्लिंगच्या पंखाच्या आतील पीस त्याऐवजी उत्तम चालते, असे त्यांनी तेथेच नमूद केले आहे. म्हणजे पर्याय हा परंपरेचा ऱ्हास नव्हे. तो तिच्या एका आधारग्रंथातच आहे. निकष पक्ष्याच्या नावाचा नाही, पीस पाण्यात कसे वागते याचा आहे. अर्थात याच निकषावर ताठ पीस वा कडक कृत्रिम तंतू बाद ठरतात. पर्यायाला मुभा आहे, मोकाट सूट नाही.

अमेरिकन लेखक सिल्व्हेस्टर नेम्स यांच्या ‘द सॉफ्ट-हॅकल्ड फ्लाय’ (१९७५) या ग्रंथाने ही माशी नव्या वाचकवर्गापर्यंत नेली, हे श्रेय निर्विवाद आहे. पण त्यास ‘पुनर्शोध’ म्हणणे भाबडेपणाचे आहे. यॉर्कशायरमध्ये ती कधी हरवलीच नव्हती, आणि अमेरिकेतही पेनसिल्व्हेनियाचे जेम्स लायझनरिंग यांचा ओल्या माशीवरील ग्रंथ १९४१ मध्येच आला होता. नेम्स यांनी मोजक्या, सोप्या कृतींवर भर दिला. त्यामुळे माशी कोठल्याही नदीवर नेता आली. मात्र नदी, महिना आणि पीस यांचे एडमंड्स-ली यांनी जपलेले नाते सैल झाले. पुढे २००४ मध्ये नेम्स यांनीच १७४७ पासूनच्या ग्रंथांचा आढावा प्रसिद्ध केला. ‘पुनर्शोधा’च्या कल्पनेला त्याहून चांगले उत्तर नाही.

स्टुअर्ट यांनी सुचविलेला पर्यायही आता निर्धोक राहिलेला नाही. ब्रिटनमध्ये स्टार्लिंगची संख्या इतकी घटली आहे की तो तेथील संवर्धनाच्या लाल यादीत आहे.