रकानाच नव्हता, मग शून्य कुठून आलं?

दिवाळीत घरी जवाहरनगरला गेले होते. ठाणा पेट्रोलपंपावर बसमधून उतरले तर शेजारच्या काकू तिथंच भेटल्या. हातातली पिशवी घेत म्हणाल्या, "बरं झालं आली. तू त्याच्यावरच पीएचडी करून राहिली ना? आमचा धाकटा मेलबर्नला जातो म्हणते. तिकडे आपल्या पोरांना लुटतात म्हणे, खरं हाय का?"

मी रस्त्यातच उत्तर देऊन टाकलं. काकू, तिथल्या सरकारी संस्थेनं मोठा अभ्यास केलाय, त्यात वंशद्वेष सापडला नाही, काळजी करू नका.

क्वार्टरपर्यंत पोचेस्तोवर ते वाक्य मलाच टोचायला लागलं. हेच वाक्य मी माझ्या लिटरेचर रिव्ह्यूच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं आणि गाइड मॅडमनी कडेला पेन्सिलीनं एवढंच विचारलं होतं: "कोणत्या रकान्यात शोधला?" ड्राफ्ट मी तेव्हाच सुधारला. तोंडातलं वाक्य मात्र तसंच राहिलं होतं. म्हणून आज त्या अहवालाबद्दल लिहितेय. तुमच्यापैकी जे सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत, त्यांना असे अहवाल पुढे रोज वाचावे लागणार आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. 2009 च्या मे महिन्यात मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर लागोपाठ हल्ले झाले. 31 मे रोजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, शहराच्या मध्यवर्ती चौकात ठिय्या दिला. इकडे टीव्हीवर दिवसरात्र तेच. अमिताभ बच्चन यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाची मानद डॉक्टरेट नाकारली, तर 2010 च्या जानेवारीत बाळासाहेब ठाकरे यांनी ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटूंना महाराष्ट्रात खेळू देणार नाही असं जाहीर केलं. आपल्याकडे सगळ्यांचं मत एकच होतं: हा वंशद्वेष आहे. ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांचा सूर वेगळा होता. हे संधिसाधू गुन्हे आहेत, लॅपटॉप-मोबाइल दिसला की चोर धावतो, एवढंच.

या भांडणात 2011 च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिमिनॉलॉजीचा अहवाल आला. काळ 2005 ते 2009. भारत, चीन, दक्षिण कोरिया, मलेशिया आणि अमेरिका या पाच देशांचे विद्यार्थी.

पद्धत आधी समजून घ्या, कारण ती खरंच चांगली आहे आणि तिला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पोलिसांच्या नोंदीत पीडित माणूस "विद्यार्थी" आहे की नाही हे विश्वासानं कळत नाही, देशाचंही तेच. मग या संशोधकांनी काय केलं? इमिग्रेशन खात्याकडची स्टुडंट व्हिसाधारकांची यादी घेतली, चार लाखांहून जास्त नावांची, आणि ती राज्याराज्यांच्या पोलिसांकडच्या पीडितांच्या नोंदींशी जुळवली. म्हणजे अंश पोलिसांकडून आणि छेद इमिग्रेशनकडून. आपल्याकडे गुन्ह्यांवरच्या किती प्रबंधांत नुसते अंश मोजलेले असतात! "अमुक शहरात परदेशी लोकांवर इतके गुन्हे झाले." अहो, पण परदेशी लोक होते किती?

आता निष्कर्ष. मारहाणीचं प्रमाण या विद्यार्थ्यांत तिथल्या सर्वसाधारण लोकसंख्येइतकं किंवा त्याहून कमी निघालं. पण जबरी चोरीचं, म्हणजे बळ वापरून किंवा धाक दाखवून केलेल्या चोरीचं, प्रमाण भारतीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत मोठ्या राज्यांत बहुतेक वर्षी सरासरीपेक्षा जास्त होतं. भारतीय विद्यार्थ्यांना लुटलं गेलं त्यातल्या बऱ्याच घटना दुकानं, पेट्रोलपंप अशा व्यावसायिक जागी घडल्या होत्या, आणि हा वाटा इतर देशांच्या विद्यार्थ्यांपेक्षा मोठा होता. अहवालाचा अंदाज असा, की ही मुलं रात्रीच्या नोकऱ्या करतात, उशिरा ट्रेननं एकटी घरी जातात, म्हणून चोरांच्या तावडीत जास्त सापडतात.

आणि वंशद्वेष? पोलिसांच्या या नोंदींत गुन्ह्याच्या हेतूची माहिती नव्हती. अहवालानं ते सरळ कबूल केलंय: या डेटावरून हेतू सांगता येणार नाही, त्यासाठी पीडितांचा वेगळा मोठा सर्व्हे लागेल. बातम्यांपर्यंत पोचताना याचं "हल्ले वंशद्वेषी नव्हते" झालं. आणि माझ्या ड्राफ्टमध्ये "सापडला नाही" झालं. शोधण्याची जागाच नसताना "सापडला नाही" हे क्रियापद मी कशाच्या जोरावर वापरलं?

इथपर्यंत दोष वाचणाऱ्यांचा. पण अहवालाशी माझं एक भांडण आहेच. रात्रीची नोकरी हे कारण तिथं असं मांडलंय, की जणू ते दिलं की वंशाचा प्रश्न मिटला. जवाहरनगरमध्ये वाढलेल्या माणसाला हे पटणं कठीण आहे. आमच्याकडे घरोघरी पाळ्यांची भाषा चालते. फॅक्टरीत धोका कोणाच्या वाट्याला येतो हे सेक्शन आणि पाळी ठरवते, हे इथल्या शाळकरी पोरांनाही कळतं. 24 जानेवारी 2025 च्या स्फोटानंतर तर कोणाला समजावून सांगायची गरजच उरली नाही. "तो तिथे होता म्हणून गेला" हे वाक्य खरं असतं, पण तो तिथे का होता हा प्रश्न त्यानं संपत नाही. मेलबर्नच्या पेट्रोलपंपावर रात्री दोन वाजता काउंटरमागे भारतीय मुलगाच का उभा होता? दिवसाची, ऑफिसातली नोकरी त्यानं मागितली नसेल? त्याचं नाव, उच्चार, व्हिसा यांचा त्या निवडीशी काही संबंध असेल, तर "रात्रीची नोकरी" हे वंशाच्या उत्तराला पर्याय राहत नाही. ते त्याच उत्तरातली एक पायरी ठरतं. मेथडॉलॉजीच्या पेपरात मीडिएटर व्हेरिएबल शिकलात ना? तेच हे. त्याला कंट्रोल करून "वंशाचा परिणाम उरला नाही" म्हणणं ही आपल्याकडच्या प्रबंधांतही नेहमी दिसणारी चूक आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला दुसऱ्या वाचनात दिसली. त्या काळात स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता यायचं. आता समजा एखादा मुलगा 30 तास करतोय आणि एकविसाव्या तासाला कोणी चाकू दाखवून गल्ला नेला. तो स्वतःहून पोलिसांकडे जाईल? गेला तर व्हिसा धोक्यात. म्हणजे ज्या मुलांवर संकट यायची शक्यता जास्त, त्यांचीच नोंद गळायची शक्यता जास्त. अहवालातला आकडा कोणत्या बाजूला झुकलेला असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

नोंद गळते कशी हे मी स्वतः पाहिलंय. फील्डवर्कसाठी मुंबईत होते तेव्हा गर्दीत माझा फोन मारला. एका पोलीस ठाण्यात गेले. समोरच्या माणसानं शांतपणे विचारलं, "चोरताना बघितलं का कोणाला?" नाही. "मग गहाळ लिहा." मी लिहिलं, सिमकार्डासाठी कागद हवा होता! आज त्या वर्षीच्या मुंबईच्या चोऱ्यांत माझी चोरी नाही, आणि "गहाळ" मी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं आहे. गुन्ह्यांच्या नोंदींवर पीएचडी करणारी मुलगी! आयडीएफसी इन्स्टिट्यूटनं दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बेंगळुरूत घरोघरी जाऊन केलेला एक सर्व्हे 2017 मध्ये आला. त्यात चोरी झालेल्यांपैकी एफआयआरपर्यंत पोचलेले दहात एकाहूनही कमी होते. उलट परदेशी पर्यटकाला विम्याच्या दाव्यासाठी पोलिसांचा कागद लागतो, म्हणून तो चिकाटीनं एफआयआर करून घेतो. तेव्हा परदेशी आणि स्थानिक लोकांच्या नोंदलेल्या चोऱ्या शेजारी ठेवून तुलना करायचा मोह झाला, तर आधी माझा फोन आठवा.

आपल्याकडचे रकाने कसे आहेत? एनसीआरबीच्या "क्राइम इन इंडिया" अहवालात 2014 पासून परदेशी नागरिकांवरच्या गुन्ह्यांचा तक्ता येतो, पर्यटक वेगळे आणि इतर परदेशी वेगळे. छान. पण 2014 च्याच जानेवारीत दिल्लीत अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया मारहाणीनंतर मरण पावला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीनं ईशान्येच्या लोकांवरच्या वंशद्वेषी हल्ल्यांसाठी कायद्यात वेगळी तरतूद सुचवली. पण "दुसऱ्या राज्यातून आला म्हणून मार खाल्लेला भारतीय" असा रकाना त्या परदेशी नागरिकांच्या तक्त्यात बसतच नाही. 2008 च्या ऑक्टोबरात मुंबईत रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना परीक्षा केंद्रांवर मारहाण झाली. नंतर कोणी ती नुसत्या तक्त्यांत शोधली, तर दुखापत आणि दंगल अशा कलमांखाली विखुरलेली मिळेल, आणि हेतू कुठेच नसेल. मेलबर्नवर आपण चिडलो ते यानंतर आठ महिन्यांत. आपल्यावर कोणी असाच अहवाल लिहिला असता, तर त्यातही "हेतू सांगता येत नाही" हेच वाक्य आलं असतं आणि आपण ते आनंदानं छापलं असतं.

जाता जाता एक सावधगिरी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 304 मध्ये हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हा झाला. पूर्वी तो कधी चोरीत, कधी जबरी चोरीत जायचा. त्यामुळे 2023 आणि 2025 चे आकडे सरळ जोडून आलेख काढू नका. व्हायवात पहिला प्रश्न तोच येईल.

मी आता अहवाल वाचायच्या आधी एक काम करते. निष्कर्ष झाकते, फक्त पद्धतीचं प्रकरण वाचते आणि रिकामा तक्ता वहीत काढते: कोणते रकाने होते, ते कोणी भरले, भरणाऱ्याला काय भरणं सोयीचं होतं. मग निष्कर्ष उघडते. तक्त्यात जागा नसलेलं काही निष्कर्षात दिसलं की तिथं पेन्सिल थांबते. अर्धा दिवस जातो यात. जाऊ द्या.

काकूंकडे संध्याकाळी परत गेले आणि सांगितलं, की दुपारी चुकीचं बोलले. त्यांना अहवालाचं फारसं काही नव्हतं. धाकटा मात्र लॅपटॉप घेऊन बसला. त्याला एवढंच विचारायचं होतं: "ताई, पेट्रोलपंपावर रात्रीचे तासाला जास्त देतात म्हणे. फी आणि भाडं धरून त्याच्याशिवाय भागते का?" रात्री साडेदहापर्यंत आम्ही तोच हिशेब करत बसलो. भाड्याचा आकडा काही केल्या बसत नव्हता.