खासगी ब्राउझिंग : पडद्यावरचा शब्द आणि त्याचे आश्वासन

संगणकाच्या पडद्यावरील शब्दांकडे आपण भाषेचे अध्यापक समीक्षेचा विषय म्हणून सहसा पाहत नाही. वास्तविक ब्राउझरच्या बटणावर लिहिलेला शब्द हा वापरणाऱ्याला दिलेला शब्दच असतो. तो कितपत पाळला जातो, हे तपासणे आपल्या कक्षेत येते.

गुगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये २००८ पासून ‘इन्कॉग्निटो’ ही सोय आहे. या मूळ इटालियन शब्दाचा अर्थ ‘ओळख न देता’. सोबतीला टोपी-चष्म्याचे चित्र व काळी खिडकी. तिन्ही मिळून वेषांतराचा भास निर्माण करतात. प्रत्यक्षात खिडकी बंद करताच त्या संगणकावरील इतिहास व कुकीज पुसल्या जातात, एवढेच. संकेतस्थळ, इंटरनेट पुरवठादार किंवा महाविद्यालयाचे नेटवर्क यांना भेटीचा सुगावा लागू शकतो. उर्दूत ‘पोशीदा’ म्हणजे झाकलेला आणि ‘गुमनाम’ म्हणजे ज्याचे नाव ठाऊक नाही तो. येथे कृत्य घरातल्यांपासून पोशीदा राहते. करणारा गुमनाम होत नाही.

मर्यादांची सूचना खिडकी उघडताच दिसते, हे मान्य करावे लागेल. परंतु मोठ्या नावापुढे बारीक सूचना दुबळी ठरते. याच प्रश्नावर २०२० मध्ये अमेरिकेत गुगलविरुद्ध दावा दाखल झाला. २०२४ मध्ये समझोता होऊन कंपनीने जुन्या नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले व सूचनेचा मजकूरही सुधारला. नाव आणि चित्र मात्र तेच राहिले.

टॉर ब्राउझरची उणीव नेमकी उलट आहे. तेथे विनंती सामान्यतः तीन मधल्या संगणकांतून जाते, त्यामुळे संकेतस्थळाला वापरणाऱ्याचा मूळ नेटवर्क-पत्ता दिसत नाही. काम मोठे, पण शब्द अवघड. ‘नवी ओळख’ या अर्थाच्या बटणाने सर्व खिडक्या बंद होतात व कुकीज पुसल्या जातात. ‘नवे सर्किट’ या अर्थाच्या बटणाने फक्त त्या संकेतस्थळाकडे जाणारा मार्ग बदलतो. नावांवरून हा भेद उमगत नाही. २०१९ च्या नवव्या आवृत्तीपासून पानाभोवती रिकामी कड दिसू लागली. खिडकीच्या मापावरून कोणी वेगळा ओळखू येऊ नये, म्हणून ती ठेवलेली. पण कारण न कळल्यास तिला बिघाड समजले जाणे साहजिक आहे. याउलट २०२२ च्या ११.५ आवृत्तीत, जोडणी अडवली जात असेल तर ब्राउझर स्वतःच पर्यायी वाट शोधू लागला. अवघड निर्णयाचा भार वापरणाऱ्यावर न टाकणारी ही रचना स्वागतार्ह आहे.

सारांश, अशा प्रत्येक पडद्याने एका प्रश्नाचे उत्तर द्यावे : कोणापासून लपते आणि कोणापासून नाही? सामायिक संगणकावर आजाराची माहिती शोधणाऱ्या विद्यार्थिनीला या उत्तराची खरी गरज असते. मराठी-उर्दू रूपांतर करणाऱ्यांनीही ‘खासगी’ हा ऐसपैस शब्द सोडून ‘या संगणकावर नोंद न ठेवणारी खिडकी’ असे लिहावे. शब्द लांबेल, पण खोटा ठरणार नाही.