कॅरेचा कुंभा

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार अव्वल इंग्रजी काळाच्या उंबरठ्यावर आले म्हणजे विल्यम कॅरेला ठराविक मानपान करून पुढे निघतात. १८०५ चे व्याकरण, १८१० चा कोश आणि श्रीरामपूरचा छापखाना एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या की त्यांचे कर्तव्य संपते. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात हाच पाद्री दुसऱ्या दाराने येतो आणि एका उद्यानाचा धनी व दोन ग्रंथांचा संपादक म्हणून आपला मान घेऊन जातो. भाषा जाणणारा कॅरे आणि झाडे जाणणारा कॅरे यांची एकमेकांशी गाठ घालून देण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही. ती गाठ घातल्यास त्याच्या मराठी ग्रंथांकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी बदलते, असे आम्हांस वाटते. आणि तेच या लेखाचे प्रयोजन आहे.

विषय सुचला तो अगदी योगायोगाने. नोकरीनिमित्त कोलकात्यास आल्यावर एका रविवारी आम्ही शिवपूरच्या वनस्पती-उद्यानात गेलो होतो. परप्रांतात राहणाऱ्या माणसाला माणसांपेक्षा झाडे लवकर ओळखीची निघतात. तसेच एक झाड तेथे भेटले. खरबरीत साल, मोठी पाने, फांदीच्या टोकाशी पिकू घातलेली गोल हिरवी फळे, आणि फळाच्या माथ्यावर निदलांचे उरलेले तोंड. आमच्या आजोळी त्याला कुंभा म्हणत. पाटीवरचे शास्त्रीय नाव वाचले: 'कॅरेया आर्बोरिया, रॉक्सबर्ग'. पहिला शब्द प्रजातीचा. तो कॅरेच्या नावावरून घेतलेला. दुसरा जातीचा, त्याचा अर्थ वृक्षासारखी. तिसरा शब्द नाव ठेवणाऱ्याचा. दोन स्नेही एका पाटीवर असे शेजारी बसलेले पाहून आम्हांस प्रथम कौतुक वाटले. मागाहून मात्र मनात एक प्रश्न उभा राहिला, त्याकडे पुढे येऊच.

कॅरेचे चरित्र थोडक्यात असे. नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी त्याचा जन्म झाला. बाप विणकर, पुढे गावचा शाळामास्तर. मुलगा जोडे शिवण्याचा धंदा शिकला, त्या धंद्यातच भाषा शिकला, आणि बाप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला. नोव्हेंबर १७९३ मध्ये तो कलकत्त्यास उतरला. काही वर्षे त्याने मालद्याकडे निळीच्या कारखान्यावर काढली. कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना मोकळीक नसल्यामुळे १८०० साली तो डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपुरास गेला आणि १८३४ च्या जूनमध्ये तेथेच वारला. १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो कंपनीच्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना बंगाली व संस्कृत शिकवी. मराठीचे अध्यापनही पुढे त्याच्याकडेच आले.

श्रीरामपुरास त्याने सुमारे पाच एकरांचे उद्यान केले आणि लिनीअसच्या पद्धतीप्रमाणे त्यात झाडांची मांडणी केली. हा त्याचा विरंगुळा होता असे चरित्रकार म्हणतात. आम्हांस ती त्याची दुसरी उपासना वाटते. एकदा विलायतेहून आलेल्या बियांची पिशवी रिकामी केल्यावर त्याने तिच्यातील मातीही बागेत झटकली, आणि त्या मातीतून डेझीचे रोप उगवले. मायदेशीचे ते क्षुद्र फूल पाहून त्याला झालेला आनंद इंग्लंडात इतका गाजला की जेम्स माँटगोमेरी या कवीने त्यावर कविता केली. कवितेपेक्षा कॅरेने पत्रात दिलेली माहिती आम्हांस अधिक मोलाची वाटते. ते रोप बंगालच्या हवेत वर्षानुवर्षे टिकत नसे. दर वर्षी बी धरून नव्याने पेरावे लागे, आणि तो तसे पेरीत असे. ज्यांची मुले परप्रांतातील शाळांत शिकत आहेत आणि ज्यांच्या घरी मराठीची पेरणी दर वर्षी नव्याने करावी लागते, त्या आमच्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

१८२३ साली पुराचे पाणी शिरून ते उद्यान उद्ध्वस्त झाले. म्हाताऱ्याने पुन्हा लागवड केली. शेवटच्या आजारात त्याला चिंता होती ती आपल्यामागे सहकारी मार्शमन बागेत गाई सोडील याची, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, माणूस तिच्यात बरोबर उतरला आहे.

आता नावांकडे वळू. पाद्री आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म्हटले म्हणजे शेकडो झाडांचे बारसे केलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो. एकोणिसाव्या शतकात असे धर्मोपदेशक देशोदेशी होऊन गेले. कॅरेची गोष्ट निराळी आहे. त्याने स्वतः ठेवलेली व शास्त्रात टिकलेली नावे अगदी थोडी. त्याचे खरे कार्य दुसऱ्याने ठेवलेली नावे जगापुढे आणण्याचे. कलकत्त्याच्या कंपनी-बागेचा अधीक्षक डॉक्टर विल्यम रॉक्सबर्ग १७९३ पासून वीस वर्षे हिंदुस्थानातील वनस्पतींची वर्णने लिहीत होता. १८१३ साली प्रकृतीमुळे देश सोडताना त्याने आपली हस्तलिखिते कॅरेच्या स्वाधीन केली, आणि १८१५ साली तो वारला.

कॅरेने १८१४ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून 'हॉर्टस बेंगालेन्सिस' ही त्या बागेतील वनस्पतींची सूची काढली. सुमारे साडेतीन हजार वनस्पतींची ती यादी होती. परंतु तिच्यात नावे होती, वर्णने नव्हती. आणि वनस्पतिशास्त्रात वर्णनावाचून छापलेल्या नाव्या नावाला मान्यता नाही. अशा नावाला शास्त्रज्ञ 'नोमेन नुडुम' म्हणतात, म्हणजे नग्न नाम. दुसऱ्या कोणी तीच वनस्पती वर्णनासह आधी छापली तर पहिल्याचे श्रम वाया जातात. रॉक्सबर्गच्या कित्येक नावांची अशी गत झालीही.

त्या नावांना वस्त्र नेसवण्याचे काम कॅरेने पुढली अठरा वर्षे केले. 'फ्लोरा इंडिका'चा पहिला खंड १८२० साली व दुसरा १८२४ साली निघाला. त्यांत बागेचा पुढचा अधीक्षक वॉलिक याने आपली भर घातली होती. वॉलिकचे काम रेंगाळले आणि मालिका थांबली. शेवटी १८३२ साली, रॉक्सबर्गच्या मुलांच्या इच्छेवरून, एकाहत्तर वर्षांच्या कॅरेने मित्राचा मूळ मजकूर तेवढा घेऊन तीन खंड पुरे केले. स्वतःजवळ एवढे ज्ञान असता त्यात आपले नाव मिसळण्याचा मोह त्याने आवरला. म्हणूनच शेकडो झाडांच्या पाट्यांवर आजही रॉक्सबर्गचे नाव आहे.

ग्रंथ म्हणून 'फ्लोरा इंडिका'त दोष नाहीत असे नव्हे. छापून पुरा होईतो लिनीअसची मांडणी जुनी झाली होती आणि युरोपात नव्या वर्गीकरणाने बस्तान बसविले होते. परंतु त्यातील वर्णनांना एक गुण आहे, तो उत्तम गद्याचा आहे. झाड कोठे उगवते, केव्हा फुलते, त्याच्या लाकडाचे काय करतात, आणि तेथील लोक त्याला काय म्हणतात, हे सारे रॉक्सबर्ग पाहिलेल्या माणसाच्या भाषेत सांगतो. संस्कृत, बंगाली, तेलुगू नावे तो आदराने नोंदवितो. काही तर लॅटिनमध्येच गुंफतो. अशोक, अर्जुन, शिसू, तूण हे आपले शब्द त्याच्या लेखणीने शास्त्राच्या भाषेत गेले, आणि तूण तर पुढे एका प्रजातीचेच नाव झाले. मराठी नावांची पाळी त्यात क्वचितच येते. तो आंध्र किनाऱ्यावर आणि बंगालात राहिला, म्हणून हे स्वाभाविकच आहे.

आता मराठीकडे येऊ. कॅरेने मराठी जेथे बोलली जाते तो मुलूख पाहिला नव्हता. १८०५ चे व्याकरण आणि त्याला जोडलेले संवाद, त्याच वर्षी छापलेले मत्तयाचे शुभवर्तमान, १८१० चा मोडी अक्षरांतील कोश, १८११ चा नवा करार, हा सारा संसार त्याने हुगळीच्या काठी मांडला. तो कोणाच्या बळावर? फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ शर्मा यांच्या बळावर. नागपूरकडील हे गृहस्थ चाकरीनिमित्त बंगालात येऊन राहिले होते. आपल्या परप्रांतस्थ मराठी नोकरवर्गाचे ते एक आद्य पूर्वज म्हणावयास हरकत नाही. १८१४ ची 'सिंहासनबत्तिशी', १८१५ चा 'हितोपदेश' आणि १८१६ चे 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' ही त्यांची मराठी गद्यपुस्तके. श्रीरामपूरच्या मराठीत नागपुरी वळण दिसते, असे अभ्यासक सांगतात. ते वळण कॅरेचे असणे शक्य नाही. ते पंडितांच्या जिभेचे आहे.

या ग्रंथांचे वाङ्मयीन मूल्यमापन कठोरपणे केले पाहिजे. बायबलाचे भाषांतर मराठी मुलखात रुजले नाही. १८१३ साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी आपले भाषांतर स्वतंत्रपणे केले आणि त्यांचा नवा करार १८२६ साली निघाला. कोशालाही १८३१ च्या मोल्स्वर्थने मागे टाकले, कारण मोल्स्वर्थच्या मंडळींनी शब्द बोलणाऱ्यांच्या मुलखात बसून शब्द वेचले. कॅरेला हे कळत नव्हते असे म्हणवत नाही. जे झाड आपण लावले, पाणी घातले, फुलताना पाहिले, त्याचेच वर्णन नीट करता येते, हे त्याच्या बागेने त्याला रोज शिकविले होते. मराठीच्या बाबतीत त्याच्याजवळ बाग नव्हती. एक माणूस होता. एका माणसाच्या तोंडून जेवढी भाषा मिळते तेवढी त्याने घेतली आणि तिला छापखान्याची चिरंजीविता दिली. मराठीला मुद्रणाच्या वाटेवर घालणाऱ्यांत त्याचे स्थान पहिल्या पंक्तीचे आहे, हे निःसंशय.

पण येथेच तो मघाचा प्रश्न उभा राहतो. वनस्पतीच्या नावामागे ते ठेवणाऱ्याचे नाव लिहिण्याची शास्त्राची शिस्त कॅरेला पूर्ण ठाऊक होती. मित्राचे श्रेय मित्राला मिळावे म्हणून त्याने म्हातारपणी तीन खंड छापले. मग कोशातील शब्दांमागे 'वै.' कोठे आहे? मुखपृष्ठावर कॅरे आहे. व्याकरणाच्या प्रस्तावनेत पंडितांचे साहाय्य त्याने मान्य केले आहे, आणि त्या काळच्या चालीप्रमाणे तेही थोडे नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु प्रस्तावना कोण वाचतो? ज्याचे नाव मुखपृष्ठावर त्याचे नाव इतिहासात. सरकारी कचेरीत आयुष्य काढणाऱ्या आम्हांस यात नवल वाटत नाही. मसुदा एकाचा आणि सही दुसऱ्याची हा आमचा रोजचा व्यवहार आहे, आणि सही करणाऱ्यावर जबाबदारी असते हेही आम्ही जाणतो. तथापि टीकाकाराचे काम कचेरीचे नव्हे. सहीच्या मागे जाऊन हस्ताक्षर ओळखणे हे त्याचे काम आहे. कॅरेला दोष देऊन थांबणारा टीकाकार ते अर्धेच करतो, कारण दोनशे वर्षांत आमच्याच इतिहासकारांनी प्रस्तावनेतले ते नाव उचलून मजकुरात आणण्याची फारशी तसदी घेतलेली नाही. कोश म्हटले की कॅरेचा, आणि वैजनाथ पंडित बत्तिशीपुरते.

रॉक्सबर्गने मित्राच्या नावाने जी प्रजाती केली तिच्यात एकीकडे हा मोठा कुंभा आहे आणि दुसरीकडे गवताच्या रानात जमिनीलगत फुलणारी बुटकी 'कॅरेया हर्बेसिया'. मित्राच्या स्वभावाला ही जोडी शोभते. कुंभा मात्र त्या नावाच्या कितीतरी आधीपासून आपल्या लोकांच्या उपयोगी पडत होता. त्याच्या सालीच्या तंतूंची जामगी तोड्याच्या बंदुकांना लागे. त्याच्या फुलाचे वाळलेले निदल काष्ठौषधीच्या दुकानात 'वाकुंभा' म्हणून मिळते आणि बाळंतिणीच्या काढ्यात पडते. फूल संध्याकाळी उमलते आणि सकाळी झाडाखाली पुंकेसरांचा सडा पडतो. संस्कृतात कुंभी, हिंदीतही कुंभी, मराठीत कुंभा: फळाकडे पाहून कोणीतरी, केव्हातरी लहानसे गाडगे आठवले असावे. 'कॅरेया' या शब्दात माणसाचा सन्मान आहे, झाडाचे वर्णन नाही. 'कुंभा' या शब्दात वर्णन आहे, पण ते करणाऱ्याचे नाव नाही. दोन्ही शब्द राहावेत. एकाने दुसऱ्याला पुसण्याचे कारण नाही.

तोच न्याय आम्ही १८१० च्या कोशासाठी मागतो. कॅरेचे नाव तेथून काढावे असे कोणीही म्हणणार नाही. ते त्याने श्रमाने मिळविले आहे. परंतु मराठी वाङ्मयाचा इतिहास यापुढे जो कोणी लिहील त्याने त्या ग्रंथाचा उल्लेख 'कॅरे-वैजनाथ कोश' असा करावा. छपाईत एक शब्द वाढेल, एवढेच.