केशव पंडितांचें राजारामचरित आणि जिंजीचा वनवास

कै. वा. सी. बेंद्रे यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलेलें केशव पंडितांचें ‘राजारामचरितम्’ मीं डिलाईल रोडवरील घरीं नुकतेंच पुन्हां वाचलें. सप्टेंबर १६८९ मध्यें राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेषांतर करून निघाले व कर्नाटकांतून जिंजीस पोचले. त्या प्रवासास हें समकालीन काव्य बखरींहून निःसंशय अधिक विश्वसनीय आहे. मल्हार रामराव चिटणिसांची बखर शतकाहून अधिक काळानें लिहिलेली. शिवाय खंडो बल्लाळ हा बखरकाराचाच पूर्वज, हें विसरतां येत नाहीं.

तथापि काव्य १६९० च्या सुमाराचें. पुढील सात वर्षांचा वनवास त्यांत येणें शक्यच नाहीं. शिवाय नायक धीरोदात्त हवा, हा साहित्यशास्त्राचा दंडक कवीच्या मानेवर आहेच. रिकाम्या खजिन्यावर राजानें सरदार कसे बांधून ठेवले, हें पाहावयाचें तर हणमंतराव घोरपडे यांस ४ जून १६९१ रोजीं दिलेलें पत्र वाचावें. नेमणूक सहा लक्ष होनांची. पण ती टप्प्याटप्प्यानें, रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद व शेवटीं दिल्ली घेतल्यावर मिळावयाची! रायगड तर तेव्हां मोगलांकडे गेलेला होता. हें पोकळ वचन नव्हे. श्लोकांत न सांपडणारा राजा मला येथें भेटतो. वतनांचा मोह ह्याच काळांत सैल सुटला, हा दोषही त्याच्याच पदरीं घालावा लागतो.

मार्च १७०० मध्यें महाराज सिंहगडावर निवर्तले. दिल्ली राहोच, रायगडही परत आला नव्हता. औरंगजेब मात्र अद्याप दक्षिणेंतच अडकून पडला होता.