टेन्शन: ताण, दाब की विभवांतर?

परीक्षेची काळजी या अर्थाने ‘टेन्शन’ मराठीत पुरते रुळले आहे; त्याला आमची हरकत नाही. घोटाळा होतो तो विज्ञानाच्या तासाला. पनवेल स्थानकातील रेल्वेची वरची तार पाहा. ती लोंबू नये म्हणून टोकांशी वजने टांगून ताणतात. हे टेन्शन म्हणजे बल, एकक न्यूटन. त्याच तारेत २५,००० व्होल्ट असतात, आणि त्यालाही ‘हाय टेन्शन’च म्हणतात! मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ताणणे. विजेला तो उपमेने चिकटला. महावितरणच्या कागदांत त्याचे ‘उच्चदाब’ झाले. हे आम्हांला अधिकच गैरसोयीचे वाटते. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल. व्होल्ट म्हणजे दर कूलोम प्रभारामागे एक ज्यूल ऊर्जा. येथे क्षेत्रफळ आहेच कोठे? ‘विभवांतर’ जिभेला जड खरे, पण नेमके. फलकाचा अर्थ तरी मुलांना नीट सांगायला हवा: या तारेला स्पर्श न करता, नुसते फार जवळ गेले तरी विजेची ठिणगी हवेतून अंगावर येते. मालडब्याच्या टपावर चढणाऱ्याला हे ठाऊक नसते.

पृष्ठताणाची तऱ्हा आणखी निराळी. शब्दात ताण, पण एकक न्यूटन प्रति मीटर. म्हणजे तेथे आपला मराठी शब्दही इंग्रजीइतकाच फसवा.